जास्वंदीवर साबण फवारूनही मिलीबग परत का येतो?

फवारणी झाली की दोन-तीन दिवस झाड स्वच्छ दिसतं. आठवडा उलटतो आणि शेंड्याच्या बेचक्यात पुन्हा मिलीबगचा, म्हणजे पिठ्या ढेकणाचा, पांढरा कापूस दिसू लागतो. कळ्या पिवळ्या पडून गळतात, खालच्या पानांवर चिकटा येतो, चिकट्यावर काळी काजळी धरते आणि खोडावरून मुंग्यांची रांग लागते. मग पुढच्या वेळी साबण दुप्पट पडतो. तेवढ्यानं भागलं नाही की भांडी घासायचं लिक्विड, त्यानंतर कपड्यांची पावडर. शेवटी पानांच्या कडा करपतात आणि मिलीबग आहे तिथेच राहतो.

दारात, गच्चीत किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये जास्वंद असलेल्या माणसांकडून ही तक्रार मी सारखी ऐकते. देवाला वाहायला घरची दोन फुलं मिळावीत म्हणून जपलेलं झाड असतं, त्यावर जहाल औषध मारायला मन धजत नाही. माझंही मत तेच आहे. साबणाचं पाणी हा मिलीबगवरचा चांगला, स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे. फक्त तो ज्या किडीला प्रत्यक्ष लागतो तिलाच मारतो. म्हणून साबणाचं प्रमाण वाढवण्याआधी फवाऱ्यातून काय सुटतंय ते शोधायला हवं.

साबण काम कसं करतो

साबण म्हणजे मेदाम्लांचे क्षार. हे पाणी मऊ अंगाच्या किडीवर पडलं की अंगावरचा मेणाचा थर सुटतो, पेशींची आवरणं फुटतात आणि कीड सुकून मरते. हे सगळं फवारा ओला असेपर्यंतच होतं. पान वाळलं की साबणाचा कीडनाशक गुण संपला. आंतरप्रवाही औषधासारखा तो झाडाच्या रसात उतरत नाही. सकाळी फवारलेल्या पानावर संध्याकाळी चालत आलेलं पिल्लू खुशाल रस शोषत बसतं.

दुसरी अडचण अंड्यांची. मिलीबगची मादी कापसासारख्या पिशवीत अंडी घालते. जास्वंदीवर नेहमी येणाऱ्या गुलाबी मिलीबगच्या एका मादीची काही शे अंडी असू शकतात. त्या पिशवीचे धागे मेणाचे असल्यामुळे पाणी वरून घरंगळून जातं आणि अंडी आत कोरडी राहतात. साधारण आठवड्याभरात ती फुटतात. तुम्हाला आठव्या दिवशी दिसतो तो नवा हल्ला बहुतेक वेळा त्याच पिशव्यांमधून बाहेर पडलेला असतो.

म्हणून एका फवारणीनं मिलीबग जाईल ही अपेक्षाच सोडून द्या. पहिली फवारणी, मग दर सहा-सात दिवसांनी अशा किमान तीन ते चार. अंडी फुटून बाहेर आलेली पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालायच्या आत त्यांच्यावर साबण पडला पाहिजे. पिल्लांच्या अंगावर मेण नुकतंच येऊ लागलेलं असतं, त्यामुळे त्यांना सौम्य पाणीही पुरतं. बहुतेक लोक दुसऱ्या फवारणीनंतर झाड बरं दिसतंय म्हणून थांबतात. तिसरी आणि चौथी फवारणी स्वच्छ दिसणाऱ्या झाडावर करायची असते, तीच सगळ्यांत जास्त चुकते.

मावा, पांढऱ्या माशीची पिल्लं, लाल कोळी यांच्यावरही साबण चालतो. पाठीवर कडक कवच असलेल्या मोठ्या खवले किडीवर तो फारसा चालत नाही, आणि अळ्या, भुंगे, नागअळी यांच्यासाठी तो करूच नये.

मुंग्या असतील तर आधी त्यांचं बघा

माझ्या मते पुन्हा पुन्हा येणाऱ्या मिलीबगचं सर्वांत दुर्लक्षित कारण हे आहे. मिलीबग झाडाचा रस पितो, त्यातली जादा साखर चिकट थेंबांच्या रूपानं बाहेर टाकतो आणि मुंग्या ती खातात. ते खाद्य चालू राहावं म्हणून त्या मिलीबगची राखण करतात. त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना आणि त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या इवल्याशा परजीवी माशांना हुसकावून लावतात. काही जातीच्या मुंग्या तर पिल्लं उचलून कोवळ्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. तुम्ही फवारून झाड साफ करता आणि शेजारच्या कुंडीतला मिलीबग मुंग्या परत आणून सोडतात.

एका खोडाची जास्वंद असेल तर काम सोपं आहे. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला चार बोटं रुंद जाड कागद किंवा प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा आणि तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर लावू नका, साल खराब होते. पट्टीखालून फट राहिली तर मुंग्या तिथून जातात, म्हणून खडबडीत खोड असेल तर आधी कापसाची किंवा चिंधीची पातळ गादी द्या. धूळ बसून ग्रीस सुकतं, तेव्हा दर पंधरा दिवसांनी ते नवं करायचं.

बुंध्यापासूनच पाच-सहा फांद्या फुटलेल्या झाडाला पट्टी बांधता येत नाही. तिथे कुंडी स्टँडवर ठेवून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. वाटीत साबणाचे चार थेंब टाका आणि पाणी दोन दिवसांआड बदला, नाहीतर डास होतील. एवढं करूनही एक फांदी ग्रिलला किंवा भिंतीला टेकत असेल तर सगळी मेहनत वाया जाते, कारण मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. त्या फांद्या आधी छाटा. कुंडीच्या मातीतच वारूळ असेल तर कुंडी अर्धा तास बादलीभर पाण्यात बुडवून ठेवली की मुंग्या अंडी घेऊन बाहेर पडतात.

मिलीबग बसतो कुठे

फवारा पानाच्या वरच्या बाजूला पडतो आणि मिलीबग तिथे क्वचितच असतो. पानाची खालची बाजू, पानाचा देठ जिथे फांदीला मिळतो ती खाच, कळीच्या खालचे हिरवे दल, फांदीच्या सालीतल्या भेगा ही त्याची ठिकाणं. कुंडीत असेल तर कडेच्या ओठाखाली, तळाच्या भोकापाशी आणि ताटलीच्या खालीही बघा. काही वेळा तो बुंध्याशी मातीच्या दोन बोटं खाली मुळांवर असतो आणि वरचं झाड कितीही धुतलं तरी खालून वर चढतो. खुरप्यानं वरची माती हलवून एकदा खात्री करून घ्या.

आजूबाजूची झाडंही तपासा. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कापूस एकाच कुळातले आहेत, त्यामुळे गच्चीवर शेजारी भेंडीची कुंडी असेल तर मिलीबग तिथेही सापडतो. सीताफळ, पेरू, पपई, क्रोटन आणि कुंपणाकडेचं गाजरगवत यांच्यावरही त्याच्या निरनिराळ्या जाती राहतात. चिरडल्यावर गुलाबी रस निघाला तर बहुधा गुलाबी मिलीबग, पिवळा निघाला तर बहुधा पपईवरचा. साबणाची कृती दोन्हींसाठी एकच, पण कोणत्या झाडावरून आला याचा माग काढायला हे उपयोगी पडतं.

फवारण्याआधी पाइपच्या तोंडावर अंगठा धरून पाण्याचा जोरदार झोत पानांच्या खालून मारा. अर्धे मिलीबग तिथेच धुऊन जातात. कापसाच्या मोठ्या पिशव्या दिसतील तिथे जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासा, म्हणजे पिशवी फुटते आणि अंडी खाली पडतात. झाडाखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि नंतर पिशवीत बांधून टाकून द्या. एवढं झाल्यावर मग साबण. नोझल वरच्या दिशेला करून आधी खालून आणि शेवटी वरून, पाणी ओघळेपर्यंत. साबणाचं पाणी वाचवायची ही जागा नाही.

कोणता साबण, किती आणि कसलं पाणी

बागकामाच्या दुकानात मिळणारा पोटॅशियमचा द्रव साबण सर्वांत चांगला. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा, ते सहसा १ ते २ टक्क्यांच्या आसपास असतं. तो नसेल तर अंघोळीच्या साबणाची वडी चालते, पण वेष्टन वाचून घ्या. ‘टॉयलेट सोप, ग्रेड १’ आणि ‘टीएफएम ७६ टक्के’ असं लिहिलेलं असेल तर त्यात मेदाम्लांचा अंश भरपूर आहे. ‘बेदिंग बार’ लिहिलेल्या वड्यांमध्ये इतर फेसकारक मिसळलेले असतात, त्या टाळा. वडी किसून ५ ग्रॅम चुरा कपभर गरम पाण्यात विरघळवा, गाळा आणि एकूण १ लिटर करा. मिलीबग जुना आणि दाट असेल तर १० ग्रॅमपर्यंत जा, त्यापुढे जाऊ नका. ज्या दिवशी फवारायचं त्याच दिवशी द्रावण करा.

कॉस्टिक पोटॅश आणि तेल वापरून घरी साबण करणारी मंडळीही आहेत. त्यांनी एकच काळजी घ्यावी. तेलाशी न मिसळलेला क्षार साबणात उरला असेल तर तो पानं जाळतो. ताजा साबण बागेत वापरू नका, तो पुरता मुरू द्या. रिठ्याचं पाणी पानांवरचा चिकटा आणि काजळी धुवायला छान आहे, पण मिलीबगच्या मेणावर त्याच्या भरवशावर राहू नका.

कपड्यांच्या पावडरीबद्दल एक गैरसमज शेतीतून आला आहे. ५ टक्के निंबोळी अर्क करताना ५ किलो निंबोळीला १०० लिटर पाणी आणि त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालायला सांगतात. काही फवारण्यांत लिटरला १ ग्रॅम धुण्याची पावडर सुचवलेली असते. हे ऐकून ‘पावडरनं कीड मरते’ असा अर्थ घरोघरी पोहोचला. तिथे साबणाचं काम द्रावण पानावर नीट पसरवणं आणि चिकटवणं एवढंच असतं, म्हणून मात्राही एवढी थोडी. पावडरीत धुण्याचा सोडा, इतर क्षार, चमक आणणारी द्रव्यं असतात. चमचे भरभरून ती पानांवर मारली की कडा करपणारच, आणि कुंडीत ओघळून गेलेले क्षार मुळांनाही त्रास देतात. भांड्यांचं लिक्विडही याच कारणासाठी माझ्या यादीत नाही.

आता पाण्याचं. साबण बरोबर, प्रमाण बरोबर आणि तरी मिलीबग मरत नाही असं असेल तर पाणी तपासा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. साबण त्यांच्याशी जुळून न विरघळणारा पांढरट साका होतो. किडीवर पडायचा साबण आधीच संपलेला असतो, वर तो साका पानांवर डाग पाडतो आणि नोझल तुंबवतो. परीक्षा सोपी आहे. पारदर्शक बाटलीत थोडं द्रावण जोरात हलवून पाच मिनिटं ठेवा. फेस टिकला आणि पाणी एकसारखं दुधाळ राहिलं तर ठीक. फेस बसला आणि वर तवंग किंवा गुठळ्या आल्या तर ते पाणी वापरू नका. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. घरच्या प्युरिफायरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र घेऊ नका, सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

निंबोळी तेल मिसळायचं असेल तर अझाडिरॅक्टिन (निंबोळीतलं कीडनाशक द्रव्य) १५०० पीपीएमचं ५ मिली प्रति लिटर घ्या. आधी साबणाच्या थोड्या पाण्यात ते चांगलं घोटून मग बाकीचं पाणी घाला. बोर्डो मिश्रणाबरोबर, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाबरोबर, साबण कधीच मिसळू नका, त्यातल्या चुन्यानं तो फाटतो.

पानं करपत असतील तर

प्रमाणापेक्षा वेळ जास्त वेळा चुकलेली असते. भर उन्हात किंवा पारा ३२ अंशांच्या वर असताना फवारणी करू नका. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ, मराठवाड्यात तर पहाटे किंवा सूर्य मावळतानाच करावी. थंड वेळी फवारा हळू वाळतो, म्हणजे साबणाला काम करायला जास्त वेळ मिळतो, हा दुहेरी फायदा. पाण्यावाचून माना टाकलेल्या झाडावर फवारू नका, आदल्या संध्याकाळी त्याला भरपूर पाणी द्या. उन्हाळ्यात फवारल्यानंतर दोन तासांनी साध्या पाण्यानं झाड धुऊन काढा. तोवर साबणाचं काम झालेलं असतं.

नव्या झाडावर आधी दोन-तीन पानांवर फवारून दोन दिवस थांबा. जास्वंद साबण चांगला सोसते. नेचे, तेरडा, पॉइन्सेटिया, काटेरी युफोर्बिया आणि पानांवर मेणाचा राखाडी थर असलेली मांसल रोपं तो सोसत नाहीत, तिथे स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं एकेक मिलीबग टिपून काढणं बरं.

फुलांची काळजी वाटत असेल तर, जास्वंदीचं फूल एका दिवसाचं असतं. सकाळी उमललेली फुलं तोडून घ्या आणि संध्याकाळी फवारा. मधमाश्याही तोवर परतलेल्या असतात.

पांढरं दिसतं ते सगळं मारू नका

मिलीबगच्या गर्दीत कधीकधी एक मोठा, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचा आणि झपझप चालणारा किडा दिसतो. मिलीबग ३-४ मिलिमीटरचा आणि मंद असतो. हा त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा आणि चपळ. तो क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी आहे, आणि तिचं अन्नच मिलीबग आहे. वाढलेला किडा काळपट, डोकं आणि शेपटाकडचा भाग नारिंगी. १८९८ मध्ये कॉफीवरच्या किडीसाठी तो ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार मिलीबगसाठी तो बागेत सोडतात. साबण या अळीलाही मारतो. म्हणून ती दिसली तर त्या फांदीवर फवारणी थांबवा, फक्त मुंग्या रोखा आणि दोन आठवडे वाट बघा.

तपकिरी, फुगीर आणि कडक झालेले मिलीबग दिसले, काहींना बारीक भोक असेल, तर तेही राहू द्या. त्यांच्या आत परजीवी माशी वाढलेली असते. पपईवरचा मिलीबग २००८ मध्ये कोइमतूरकडे प्रथम आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही पसरला. तेव्हा २०१० मध्ये प्युएर्तो रिकोहून आणलेल्या अशाच इवल्या माशांनी त्याला आटोक्यात आणलं. तुमच्या गच्चीतही हे काम चालू असतं. दर चार दिवसांनी सरसकट फवारा मारला तर ते बंद पडतं.

शेंड्याचा गुच्छ झाला असेल तर कात्री

गुलाबी मिलीबगच्या लाळेमुळे कोवळी पानं आक्रसतात, पेरं आखूड होतात आणि शेंड्याला कोबीसारखा गुच्छ येतो. त्या घड्यांच्या आत कोणताही फवारा पोहोचत नाही आणि ती पानं पुन्हा सरळ होत नाहीत. गुच्छाच्या खाली चार-सहा बोटांवर, निरोगी डोळ्याच्या वर कापा. फांद्या खतखड्ड्यात टाकू नका. काळ्या पिशवीत तोंड बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा आणि मग कचऱ्यात द्या. कात्री स्पिरिटनं पुसून दुसऱ्या झाडाला लावा.

अर्ध्याहून जास्त झाड असं झालं असेल तर फवारण्यात वेळ घालवण्यापेक्षा सगळं झाड गुडघ्याएवढं छाटा. जास्वंद छाटणी उत्तम सोसते आणि फुलं नव्या फुटीवरच येतात. काही आठवडे फुलं मिळणार नाहीत, ते मान्य करा. गणपतीत फुलं हवी असतील तर ही छाटणी पावसाच्या सुरुवातीलाच उरका. फूट यायला लागली की युरियाचा हात आखडता ठेवा, कारण नत्र जास्त झालं की लुसलुशीत रसाळ शेंडे येतात आणि मिलीबग तिथेच आधी बसतो. कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड पुरेशी आहे.

शेवटच्या फवारणीनंतरही आठवड्यातून एकदा पानं उलटून बघत जा. लागोपाठ तीन आठवडे काही सापडलं नाही की झाड सुटलं असं समजायला हरकत नाही. नर्सरीतून नवं रोप आणलं की ते तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवा, कुंडीचा ओठ आणि तळ बघा, आणि काही दिसो न दिसो, ५ ग्रॅमचं साबणाचं पाणी दोनदा फवारूनच त्याला जास्वंदीशेजारी जागा द्या.